पाय हलला, पण कळ मेंदूपर्यंत पोचली का?

मणक्यांमधली गादी फाटून मज्जारज्जूवर दाब आल्याने मागचे दोन्ही पाय लुळे पडलेला डॅक्सहुंड कुत्रा तपासताना पशुवैद्य एक निष्ठुर वाटणारी गोष्ट करतात. पायाचं बोट चिमट्यात धरून हाडापर्यंत कळ जाईल इतकं दाबतात. कुत्र्याने पाय आखडून घेतला की मालकाचा जीव भांड्यात पडतो. पण नुसतं पाय आखडणं पुरेसं नाही. ती प्रतिक्षिप्त क्रिया मज्जारज्जूचा इजेखालचा भाग मेंदूला न विचारताच करू शकतो. म्हणून डॉक्टर तोंडाकडे पाहत असतात: तो कळवळतो का, वळून चावायला येतो का?

संपूर्ण उपचाराची दिशा या एका खुणेवर ठरते. वेदनेची जाणीव शिल्लक असेल, तर शस्त्रक्रियेनंतर बहुतेक कुत्री पुन्हा चालतात. ती गेली असेल, तर साधारण निम्मीच.

डॅक्सहुंड, फ्रेंच बुलडॉग, बीगल अशा जातींमध्ये एफजीएफ४ या जनुकाची एक जादा प्रत आढळते. 2017 मध्ये तिचा गादीच्या या आजाराशी संबंध दाखवला गेला. तिच्यामुळे मणक्यांमधल्या गादीचा मऊ गाभा अगदी लहान वयातच सुकतो आणि त्यात कॅल्शियम साठतं. मग सोफ्यावरून मारलेली साधी उडीही पुरते. गादीचं कडं फाटतं आणि गाभा वर, थेट मज्जारज्जूवर आदळतो. बहुतेकदा हे छाती आणि कंबर यांच्या सांध्याजवळ घडतं, कारण त्याच्या पुढे, छातीच्या भागात, समोरासमोरच्या बरगड्यांना जोडणारा अस्थिबंध गादीला आवरून धरतो.

इथे इजा दोन होतात: आदळण्याचा मार आणि नंतरचा दाब. शस्त्रक्रिया फक्त दाब काढू शकते. एमआरआयवर जागा नक्की करून सर्जन मणक्याच्या कमानीची एक बाजू बारीक ड्रिलने कोरतात आणि टूथपेस्टसारखा घट्ट झालेला गाभा अलगद बाहेर काढतात. मानेतली गादी असेल तर गळ्याच्या बाजूने शिरतात. पहिल्या माराने मेलेल्या पेशी मात्र परत येत नाहीत.

नुसती पाठ दुखत असेल, चाल थोडी डळमळीत असेल, तर किमान चार आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती अनेकदा पुरते. वेदनाशामकाने बरं वाटताच कुत्रा उड्या मारू लागतो आणि उरलेला गाभाही बाहेर येऊ शकतो. त्यामुळे गोळी चालू असताना पिंजरा उघडा ठेवणं मला फार धोक्याचं वाटतं. पाय ओढत चालणाऱ्या कुत्र्याला मात्र 'उद्या पाहू' म्हणून घरी ठेवू नये. त्याला लघवी होते आहे का हेही त्याच दिवशी पाहायला हवं: मूत्राशय तुंबलं, तर ते दिवसातून अनेकदा हाताने दाबून रिकामं करावं लागतं आणि शस्त्रक्रियेनंतरही काही काळ हे काम घरच्यांनाच करावं लागतं.