मनाचे माप आणि त्या मापाची परीक्षा

समुपदेशनासाठी पहिल्यांदा आलेल्या माणसाच्या हातात आज अनेक ठिकाणी आधी एक कागद येतो. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला होता का, झोप कशी होती, भूक कशी होती, आपण घरच्यांना कमी पडलो असे वाटले का. प्रत्येक प्रश्नापुढे चार पर्याय असतात : अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून अधिक दिवस, जवळजवळ रोज. त्यांना शून्य ते तीन गुण. प्रश्न नऊ, म्हणजे बेरीज जास्तीत जास्त 27. नैराश्यासाठी जगभर वापरली जाणारी ही पीएचक्यू-9 प्रश्नावली. काही आठवड्यांनी तोच कागद पुन्हा भरून घेतात, दोन बेरजांची वजाबाकी करतात आणि जे उत्तर येते त्याला सुधारणा म्हणतात.

या वजाबाकीवर फार काही ठरते. एखादी उपचारपद्धती गुणकारी मानायची की नाही, सरकारने तिच्यावर पैसा घालायचा की नाही, समोरच्या माणसाला ‘आता थांबायला हरकत नाही’ असे सांगायचे की नाही. मग तो कागदच किती भरवशाचा आहे, हे आधी पाहायला हवे. ते कसे पाहायचे हे ठरायला शंभर वर्षे गेली. त्या शंभर वर्षांत अवघड गणिती कसोट्या आधी आल्या आणि सर्वांत साधी कसोटी मागाहून आली, हे मला या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. ती साधी कसोटी अशी : ज्याने उत्तर द्यायचे, त्याला प्रश्न कळला का?

सुरुवात पहिल्या महायुद्धात झाली. तोफांच्या माऱ्याखाली धडधाकट सैनिक मनाने कोसळत होते. त्याला तेव्हा ‘शेल शॉक’ म्हणत. 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा भरतीच्याच वेळी अशी माणसे ओळखता यावीत, असे लष्कराला वाटले. लाखो तरुणांची एकेकाला बसवून तपासणी करायला तज्ज्ञ कुठून आणणार? म्हणून कोलंबिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी 116 प्रश्नांची यादी तयार केली. झोप नीट लागते का, तब्येत ठणठणीत वाटते का, अशा प्रश्नांना फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे. यादी तयार होईपर्यंत युद्ध संपत आले आणि ती रणभूमीच्या कामी आली नाही. पण डॉक्टर जे तोंडी विचारतो ते कागदावर छापून माणसाकडूनच भरून घ्यायचे, हा साचा तिने घालून दिला.

या साच्यातली पहिली भीती म्हणजे लोक खोटे लिहितील. 1943 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून स्टार्क हॅथवे आणि जे. सी. मॅकिन्ली यांची एमएमपीआय ही पाचशेहून अधिक विधानांची व्यक्तिमत्त्व-चाचणी आली. तिच्यात खोटेपणा पकडणारी विधाने मुद्दाम पेरलेली होती. ‘मला कधीकधी राग येतो’ याला कोणी ‘नाही’ म्हणत असेल, आणि अशा दहा-पंधरा साध्यासुध्या माणुसकीच्या उणिवांना सरसकट नकार देत असेल, तर तो स्वतःला उजळ करून दाखवतो आहे असे धरायचे. युक्ती चांगलीच होती. पण पुढची कित्येक वर्षे उत्तर देणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर संशय घेतला गेला, प्रश्न विचारणाऱ्याच्या भाषेवर फारसा नाही.

1952 मध्ये मानसोपचाराच्या क्षेत्राला मोठा धक्का बसला. लंडनचे मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी जुन्या आकडेवारीवरून असा दावा केला की मज्जाविकृतीचे, म्हणजे त्या काळी न्यूरोसिस म्हटल्या जाणाऱ्या त्रासाचे, सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण मानसोपचार मिळाला नाही तरी दोनेक वर्षांत सुधारतात. त्यांची तुलना सदोष होती आणि तिच्यावर पुढे भरपूर टीका झाली. पण ‘उपचाराने बरे वाटते हे दाखवा’ ही मागणी मागे हटली नाही. दाखवायचे तर मोजायला हवे आणि मोजायचे तर माप हवे. प्रश्नावल्यांचे पीक त्यानंतर आले.

त्याच सुमारास मापाचे व्याकरणही लिहिले जात होते. 1951 मध्ये ली क्रॉनबाख यांनी ‘अल्फा’ हा गुणांक मांडला. एका प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत, हे तो एका आकड्यात सांगतो. 1955 मध्ये क्रॉनबाख आणि पॉल मील यांनी त्याहून खोल प्रश्न हाताळला. लांबी मोजताना फूटपट्टी बरोबर आहे का ते दुसऱ्या पट्टीशी ताडून पाहता येते. नैराश्याची अशी दुसरी पट्टी कुठेच ठेवलेली नाही. मग आपण मोजतो ते नैराश्यच, हे कशावरून? त्यांचे उत्तर असे होते की एका पुराव्याने हे सिद्ध होत नाही. नैराश्याबद्दल आपली जी समज आहे तिच्यातून जी जी भाकिते निघतात, ती या मापाने एकेक करून खरी ठरताहेत का ते पाहत राहायचे. मराठी मानसशास्त्राच्या पुस्तकांत याला सप्रमाणता म्हणतात, आणि उत्तरांतल्या सातत्याला विश्वसनीयता.

यातले सप्रमाणतेचे काम चिवट आणि लांबलचक. अल्फा मात्र संगणकावर क्षणात निघतो. साहजिकच अल्फाची चलती झाली. अमुक प्रश्नावलीचा अल्फा 0.9 आला, म्हणजे प्रश्नावली उत्तम, असे लिहिण्याची सवय लागली ती आजही प्रबंधांतून दिसते. या सवयीतला धोका समजायला एक उदाहरण घेऊ. समजा मी दहा प्रश्नांची यादी केली : तुम्हाला उदास वाटते का? मन खिन्न असते का? मन निराश असते का? मनावर मळभ आल्यासारखे वाटते का? असेच आणखी सहा. पहिल्याला जो ‘हो’ म्हणेल तो बाकीच्यांनाही ‘हो’च म्हणणार. अल्फा झकास येईल. पण मी झोपेबद्दल विचारले नाही, भुकेबद्दल नाही, जगणे नकोसे झाले आहे का याबद्दल नाही. एकच प्रश्न दहा वेळा विचारून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली, एवढेच झाले.

1961 मध्ये फिलाडेल्फियाच्या ॲरन बेक यांची नैराश्य-सूची प्रसिद्ध झाली. तिचा उगम मला फार मोलाचा वाटतो. नैराश्यग्रस्त रुग्ण उपचाराच्या बैठकांत स्वतःबद्दल जे बोलत, त्या बोलण्यातून तिचे 21 गट उभे राहिले. अपराधी वाटणे, आपल्याला शिक्षा होते आहे असे वाटणे, स्वतःचा वीट येणे. प्रत्येक गटात चढत्या तीव्रतेची विधाने, त्यातले आपल्याला लागू पडेल ते निवडायचे. आणि सुरुवातीला ही विधाने मुलाखतकार मोठ्याने वाचून दाखवत असे. रुग्णाच्या हातातही एक प्रत असे. म्हणजे ‘स्वतः भरायची’ म्हणून गाजलेली ही सूची आधी दोन माणसांमधला संवादच होती. 1996 च्या सुधारित आवृत्तीत वजन घटणे, दिसण्याबद्दलची खंत असे काही गट काढले आणि अस्वस्थता, एकाग्रता न होणे, कवडीमोल वाटणे असे काही घातले. कारण अमेरिकेतल्या निदानपुस्तिकेतली नैराश्याची व्याख्या बदलली होती. त्यामुळे जुन्या आवृत्तीवरचे 20 गुण आणि नव्या आवृत्तीवरचे 20 गुण सारखे मानता येत नाहीत.

वजाबाकीचा प्रश्न तोवर कोणी नीट सोडवला नव्हता. बेरीज 17 वरून 14 वर आली, तर माणूस सुधारला, की त्या दिवशी त्याला जरा बरी झोप लागली होती? कोणत्याही मापात थोडी थरथर असतेच. 1991 मध्ये नील जेकबसन आणि पॉला ट्रुअॅक्स यांनी त्या थरथरीचा हिशेब करून एक उंबरठा काढण्याची रीत दिली. फरक त्या उंबरठ्याच्या पलीकडे गेला तरच बदल खरा मानायचा. शिवाय दुसरी अटही होती : गुण निरोगी माणसांच्या टप्प्यात आले का? माप जितके अविश्वसनीय, तितका उंबरठा मोठा. प्रश्नावलीचा कच्चेपणा आता थेट रुग्णाच्या निकालात उतरू लागला.

ही रीत सर्वांत मोठ्या प्रमाणावर इंग्लंडने वापरली. 2008 मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत बोलण्यावर आधारित उपचारांचा कार्यक्रम सुरू झाला आणि प्रत्येक बैठकीला पीएचक्यू-9 व चिंतेसाठीची जीएडी-7 भरून घेण्याचा नेम झाला. 2001 मध्ये तपासून प्रसिद्ध झालेल्या पीएचक्यू-9 वर तिथे 10 आणि त्यावरचे गुण म्हणजे आजार, आणि 6 किंवा त्याहून अधिक गुणांची घट म्हणजे भरवशाची सुधारणा, असे धरतात. दर बैठकीला मोजण्याचा मोठा फायदा म्हणजे मध्येच उपचार सोडणाऱ्यांचाही शेवटचा आकडा हाती राहतो. पण निम्मे रुग्ण बरे झाले पाहिजेत असे लक्ष्यही त्याच आकड्यांवर बांधले गेले. माप हेच उद्दिष्ट झाले की कागद भरणाऱ्यावर आणि भरून घेणाऱ्यावर त्याचा भार येणारच.

दरम्यान मापे इतकी झाली की ती एकच गोष्ट मोजतात का, हीच शंका आली. 2017 मध्ये आयको फ्रीड यांनी नैराश्याच्या सात प्रचलित मोजपट्ट्या शेजारी ठेवून लक्षणे मोजली. एकूण 52 वेगवेगळी लक्षणे निघाली आणि सातही पट्ट्यांत समान असलेली त्यातली अगदी थोडी. एका अभ्यासात एक पट्टी, दुसऱ्यात दुसरी, आणि निष्कर्ष मात्र ‘नैराश्य’ या एकाच नावाखाली.

प्रश्नावल्या तपासण्याचे निकष एकत्र बांधण्याचे मोठे काम ॲमस्टरडॅममधून झाले. कॉस्मिन नावाच्या या उपक्रमात लिडविने मोकिंक, कॅरोलिन टरवी आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांकडून फेऱ्याफेऱ्यांनी मते घेऊन 2010 मध्ये संज्ञा आणि निकष ठरवले. 2018 च्या सुधारित मार्गदर्शिकेत त्यांनी स्पष्ट सांगितले की सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म आशयाचा आहे : प्रश्न विषयाला धरून आहेत का, काही महत्त्वाचे सुटले का, आणि ते ज्यांच्यासाठी आहेत त्यांना समजतात का. हे पाहायचे तर रुग्णांनाच विचारावे लागते. इथे नाबाद ठरल्याशिवाय अल्फाला अर्थ नाही.

ही गोष्ट आधीच करून दाखवणाऱ्यांत मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आहेत. 1990 च्या दशकात त्यांनी झिम्बाब्वेत सहकाऱ्यांबरोबर शोना भाषेत 14 प्रश्नांची सूची तयार केली. तिथले लोक आपल्या त्रासाला ‘कुफुंगिसिसा’ म्हणत, म्हणजे विचार फार होणे. तो शब्द प्रश्नांत आला. आपल्याकडे ‘डोक्यात विचारांचा भुंगा’ म्हणतात, त्याच्या फार जवळचा. पुढे गोव्यात ‘संगत’ संस्थेसोबत त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांवर पाच प्रश्नावल्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. तो अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्याच चाचणीत 10 आरोग्य केंद्रांतले 495 जण होते आणि उपचार देणारे समुपदेशक या क्षेत्रात मुळात नवखे, पण प्रशिक्षण दिलेले होते. रुग्ण निवडताना पीएचक्यू-9 होती. परिणाम पाहताना मुख्य मापांत बेकची सूचीही घेतली, आणि कोणाला कोणता उपचार मिळाला हे गुण नोंदवणाऱ्यांना सांगितलेले नव्हते. आपल्या भागातल्या आकड्यांवर विश्वास ठेवावा तो अशी काळजी घेतलेली असते तेव्हा.

मराठीत हे काम किती बारीक आहे ते पीएचक्यू-9 च्या पहिल्याच प्रश्नावर दिसते. मूळ प्रश्न कामांत रस किंवा आनंद कमी वाटण्याबद्दल आहे. ‘कामात आनंद वाटत नाही का?’ असे वाचून दाखवले, तर पहाटे पाचपासून राबणारी बाई म्हणेल, ‘कामात कसला आलाय आनंद? करावंच लागतं.’ तिला तीन गुण द्यायचे की शून्य? शब्दाला शब्द लावून, मराठीवरून पुन्हा इंग्रजीत उलट भाषांतर करून ताडले, तरी हा घोटाळा सापडत नाही; दोन्ही भाषांतरे अचूकच असतात. ‘निम्म्याहून अधिक दिवस’ हा पर्यायही असाच. चौदा दिवसांतले आठ कोणी मोजून ठेवत नाही. ‘मागच्याच्या मागच्या आठवडी बाजारापासून आजपर्यंत’ असे विचारले की आठवते.

नववा प्रश्न तर मूळ भाषेतच जोडप्रश्न आहे : मेलेले बरे असे वाटणे, आणि स्वतःला इजा करण्याचा विचार येणे. ‘देवानं उचलून न्यावं’ हे कंबर धरलेली आजी रोज म्हणते. विहिरीकडे पाहणाऱ्या तरुणाचे ‘हो’ वेगळे असते. बेरजेत मात्र दोघांचे ‘हो’ सारखेच धरले जाते. म्हणून प्रश्नावली तपासताना दहा-बारा जणांना समोर बसवून, उत्तर लिहून झाल्यावर, एकेका ओळीवर बोट ठेवून विचारतात : ‘हे वाचून तुमच्या मनात काय आलं? तुमच्या शब्दांत सांगा.’ आणि जे ऐकू येते ते जसेच्या तसे लिहून घेतात.