विश्वाचा आकार आणि प्रसरण

अवकाशाची वक्रता आणि दीर्घिकांमधील (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांमधील) अंतरे काळानुसार वाढत जाणे, म्हणजेच विश्वाचे प्रसरण, हे विश्वस्थितिशास्त्रातले दोन जोडविषय. आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार (१९१५) दोन्ही गोष्टी विश्वातील द्रव्य आणि ऊर्जा यांवर अवलंबून असतात. प्रसरण पावणाऱ्या विश्वाचे गणित अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये मांडले, तर जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये ते निरीक्षणांशी जोडले. दीर्घिका जितकी दूर तितका तिचा दूर जाण्याचा वेग जास्त, हे एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दाखवले.

नागपुरात हा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास केंद्राचा येतो. झिरो माईलचा स्तंभ म्हणजे देशाचा मध्य, असे इथे लहानपणापासून ऐकलेले असते (हा दावा तपासून घेण्याजोगा आहे, पण ते असो). विश्वाला असा मध्य नाही. वेग अंतराच्या प्रमाणात असला, की कोणत्याही दीर्घिकेतून पाहा, बाकीच्या सगळ्या आपल्यापासूनच दूर जाताना दिसतात. फुगणाऱ्या फुग्यावरचे ठिपके एकमेकांपासून दूर जातात, या नेहमीच्या दृष्टांतात फुग्याचे पोट केंद्रासारखे वाटते, म्हणून तो जपून वापरावा. शिवाय गुरुत्वाने बांधलेल्या गोष्टी फुगत नाहीत: आकाशगंगा, सूर्यमाला, नागपूर–वर्धा अंतर.

झिरो माईलचा खरा उपयोग होतो तो आकार समजून घेताना. हा स्तंभ त्रिकोणांच्या साखळीने भारत मोजणाऱ्या ज्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी निगडित आहे, ते विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केले. नागपूरकडे येत असताना १८२३ मध्ये हिंगणघाटला त्यांचे निधन झाले. पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पृष्ठावरील त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून थोडी जास्त भरते. दर २०० चौ. किमी. क्षेत्रफळामागे साधारण १ विकला (अंशाचा ३,६००वा भाग). सर्वेक्षकांना हा फरक हिशेबात धरावा लागे. म्हणजे वक्रता मोजायला पृथ्वीबाहेर जावे लागत नाही, आणि विश्वाबाहेर तर जाताच येत नाही.

विश्वासाठी त्रिकोण मोठा लागतो. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळे झालेले प्रारण आज २.७ केल्विन तापमानाच्या सूक्ष्मतरंगांच्या रूपात सर्व दिशांनी येते. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी त्याचा शोध जाहीर केला. त्यातल्या किंचित उष्ण-थंड ठिपक्यांचा मूळ आकार भौतिकीवरून काढता येतो. तो त्रिकोणाचा पाया, आणि पाहणारे आपण त्याचे टोक. अवकाश गोलासारखे वक्र असते तर ठिपके मोठे दिसले असते, खोगिरासारखे असते तर लहान. ते सुमारे १ अंशाचे दिसतात, म्हणजे अवकाश सपाट आहे. बूमरँग या फुगा-मोहिमेने २००० मध्ये हे दाखवले. पुढे डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी त्यातली अनिश्चितता एका टक्क्याच्याही खाली आणली.

सपाट म्हणजे चपटे नव्हे (त्रिकोणाच्या कोनांची बेरीज बरोबर १८० अंश भरते, एवढाच त्याचा अर्थ), आणि अनंतही असेलच असे नाही. चकलीच्या कड्यासारखे स्वतःशीच जुळलेले अवकाशही सपाट भूमितीचे असू शकते, मात्र तशा जुळणीच्या खुणा आढळलेल्या नाहीत. दृश्य विश्वाचा व्यास सुमारे ९,३०० कोटी प्रकाशवर्षे, तर वय १,३८० कोटी वर्षे. मधल्या काळात अवकाश ताणले गेल्यामुळे हे आकडे विसंगत ठरत नाहीत.

प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे १९९८ मध्ये दूरच्या अधिनवताऱ्यांवरून (स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून) कळले. त्यासाठी पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना २०११ चे नोबेल मिळाले. कारण म्हणून कृष्ण ऊर्जेचे नाव घेतले जाते, पण तिचे स्वरूप अज्ञात आहे. आजच्या वेगावरही एकमत नाही: सूक्ष्मतरंगांवरून तो दर मेगापार्सेकला (३२.६ लाख प्रकाशवर्षे) सेकंदाला सुमारे ६७ किमी. येतो, अधिनवताऱ्यांवरून सुमारे ७३.