नकाशावर ध्रुवच नाही तर रस्ता दिसणार कसा?

परवा पुतण्या मोबाईल घेऊन आला, म्हणला काका हे साईट गंडलंय बघा. स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, भूगोलाचा नाद आहे, त्यामुळं जगाच्या कोपऱ्यातले दोन विमानतळ टाकून अंतर बघत बसला होता. एक अनादिर, रशियाच्या पार पूर्व टोकाला, आणि दुसरं नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन. साईट म्हणतंय ४,०७० किमी, विमानानं सव्वापाच तास. आणि आमच्या भिंतीवरच्या नकाशात बघावं तर एक उजव्या कडेला, दुसरं जवळपास मधोमध, सगळा सायबेरिया आडवा पडलेला.

म्हणलं गंडलाय तो नकाशा.

हा मर्केटरचा नकाशा, १५६९ सालचा, जहाजवाल्यांच्या सोयीसाठी केलेला. पृथ्वीवर रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडं जाताना जवळ जवळ येत शेवटी एका ठिपक्यात मिळतात. यात मात्र त्या पाभरीच्या तासांसारख्या शेवटपर्यंत समांतर. म्हणजे वर जाल तसं सगळं ताणलं जातं, ६० अंशावर दुप्पट, लाँगइयरब्येनच्या ७८ अंशावर जवळपास पाचपट, आणि ध्रुवावर ताण अनंत, म्हणून ध्रुव कागदावर येतच नाही! आणि रस्ता तर नेमका त्याच्या जवळूनच जातो.

घरात मोसंबी होती (जालन्यात नसंल तर कुठं असणार). देठ म्हणजे उत्तर ध्रुव समजा, देठाच्या अलीकडं एक टाचणी, पलीकडं एक, दोरा ताणून धरा. दोरा देठाच्या बगलेनं जातो, मोसंबीला अर्धा वेढा घालत नाही.

आता तोंडी हिशोब. अनादिर ६४.७ अंश उत्तर, तिथून ध्रुव २५.३ अंश. ध्रुवापासून लाँगइयरब्येन ११.७ अंश. झाले ३७, आणि एक अंश म्हणजे १११ किमी, गुणा करा, ४,१०७. साईटचा आकडा याच्यापेक्षा थोडा कमी कारण दोघांच्या रेखांशात बरोबर १८० चा फरक नाही, १६२ चा आहे, त्यामुळं वाट ध्रुवाच्या २८० किमी बाजूनं जाते. नेमकं काढायचं तर दोन्ही अक्षांशांच्या साईनचा गुणाकार, त्यात दोन्हींचे कॉस आणि रेखांशफरकाचा कॉस यांचा गुणाकार मिळवायचा, (१६२ चा कॉस उणे येतो म्हणून) ०.८८५ उणे ०.०८३, उत्तर ०.८०२, हा ज्या कोनाचा कॉस तो कोन ३६.६ अंश, म्हणजे साधारण साईटचाच आकडा. नकाशावर पट्टी ठेवून सरळ गेला असता तर ५,६७० किमी पडले असते, म्हणजे सोळाशे जास्त.

ध्रुवावरून विमान जातच नाही, चुंबक ओढून घेतं, असले रील फिरत असतात. ध्रुवाजवळ होकायंत्र भरकटतं एवढं खरं, पण एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान १५ ऑगस्ट २०१९ ला ध्रुवावरूनच गेलं, कुणी ओढलं नाही. आणि आमची आजी मंगळवारी-बुधवारी उत्तरेला दिशाशूळ म्हणून घराबाहेर पडू द्यायची नाही. या वाटेवर विमान निघतं उत्तरेला आणि कुठंही न वळता पोचतं तेव्हा दक्षिणेला तोंड करून असतं. आता यात शूळ कुठल्या वाराचा धरायचा?

वेळेचं मात्र पुतण्याचं निम्मं बरोबर. साईट काय करतं, अंतराला ताशी साडेआठशेच्या आसपास भागतं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवतं, झालं. वारा समोरून का मागून हे बघत नाही, असं थेट विमान आहे का हेही बघत नाही. खरं जायचं तर अनादिरहून मॉस्को, आणि २०२२ पासून रशियाच्या विमानांना नॉर्वेचं आकाश बंद, म्हणून इस्तंबूलला वळसा, मग ओस्लो, मग वर लाँगइयरब्येन. सव्वापाच तास नुसते विमानतळावर बसण्यातच जातील.

पुतण्यानं लगेच चिकलठाणा (संभाजीनगरचं विमानतळ) ते नांदेड टाकलं. २१५ किमी, पाऊण तास. मग पिशवी उचलून स्टँडकडं पळाला, परभणीची एसटी लागली होती.