बर्फावर लागलेली बक्षिसं

देवमाशांच्या शिकारीवर जाणारा इंग्रज कप्तान विल्यम स्कोर्सबी १८१७ साली ग्रीनलंडच्या समुद्रातून परतला आणि त्याने एक नवल कळवलं. ७४ ते ८० अक्षांशांच्या दरम्यान एरवी बर्फाने झाकलेला सुमारे दोन हजार चौरस लीग (लीग म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर) समुद्र मोकळा पडला होता. हे रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्यामार्फत नौदलापर्यंत पोचलं. ध्रुवाभोवतीच्या हवामानात मोठा बदल झाला असावा, कारण मात्र उमगत नाही, असं तेव्हाच लिहून ठेवलेलं आहे.

त्या काळी ही आनंदाची बातमी होती. कॅनडाच्या डोक्यावरून आशियात उतरणारा वायव्य मार्ग आता सापडेल, असं लंडनला वाटलं. प्रत्यक्षात ती तात्पुरती उघडीप होती, बर्फ पुन्हा आला. पण तोवर बक्षिसं लागली होती.

अवघड प्रश्नावर रक्कम लावायची रीत ब्रिटिश संसदेत शंभर वर्षं मुरलेली होती. समुद्रात रेखांश कसा ओळखायचा, यासाठी १७१४ साली २० हजार पौंड जाहीर झाले. जॉन हॅरिसन या सुताराने घड्याळ बनवून तो प्रश्न सोडवला, तरी १७७३ मध्ये संसदेने शेवटची रक्कम दिली तेव्हा तो ८० वर्षांचा होता. १७४५ साली वायव्य मार्गावरही २० हजार लागले. स्कोर्सबीच्या बातमीनंतर, १८१८ मध्ये, रेखांश, वायव्य मार्ग आणि उत्तर ध्रुव हे तिन्ही एकाच कायद्यात आले आणि मोठ्या बक्षिसाचे टप्पे पाडायची सोय झाली. मला यात शहाणपण दिसतं, कारण अर्ध्या वाटेवर पोचलेल्यालाही काही मिळणार होतं.

वायव्य मार्गाचा पहिला टप्पा विल्यम पॅरी या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने गाठला. ४ सप्टेंबर १८१९ रोजी त्याच्या ‘हेक्ला’ आणि ‘ग्रायपर’ या जहाजांनी ११० अंश पश्चिम रेखांश ओलांडला आणि ५ हजार पौंड मिळवले. जवळच्या भूशिराला त्याच्या माणसांनी बक्षिसावरूनच ‘केप बाउंटी’ म्हणजे ‘बक्षिसाचं भूशिर’ असं नाव दिलं. मग बर्फाने दोन्ही जहाजांना सुमारे दहा महिने जखडून ठेवलं. १८२७ मध्ये पॅरी ध्रुवाकडे निघाला, बर्फावरून होड्या ओढत. ८३ अंश उत्तर अक्षांश गाठण्यावर हजार पौंड होते. माणसं उत्तरेकडे चालत होती आणि पायाखालचा बर्फ दक्षिणेकडे वाहत होता. ८२ अंश ४५ मिनिटांवरून त्यांना परतावं लागलं, जेमतेम २८ किलोमीटर आधी.

१८४५ मध्ये वायव्य मार्ग शोधायला निघालेला ब्रिटिश नौदल अधिकारी जॉन फ्रँकलिन याच्यासह गेलेल्या १२९ जणांपैकी एकही परतला नाही. त्यानंतर बक्षिसं त्यांच्या शोधासाठी लागली. वायव्य मार्ग एकाच जहाजातून पार करायला १९०६ उजाडलं. तो मान नॉर्वेच्या रोआल्ड आमुंडसेनचा.

२००७ च्या फेब्रुवारीत उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन यांनी २.५ कोटी डॉलर जाहीर केले. हवेतला कार्बन मोठ्या प्रमाणावर काढून घेण्याची टिकाऊ पद्धत त्यांना हवी होती. त्याच वर्षीच्या उन्हाळ्याअखेर, ज्यासाठी इतके जीव गेले, तो वायव्य मार्ग बर्फाविना मोकळा झाला. २०१२ च्या सप्टेंबरात आर्क्टिकवरचा समुद्री बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला. १९७९ पासूनच्या उपग्रह नोंदींतला हा नीचांक. या वेळी कारण गूढ नव्हतं: हवेत साठलेल्या कार्बनमुळे पृथ्वी तापत होती. ब्रॅन्सन यांचं बक्षीस मात्र २०१९ मध्ये कुणालाही न देता बंद झालं.

पुढचं बक्षीस २०२१ चं. इलॉन मस्क यांच्या प्रतिष्ठानाच्या पैशातून एक्सप्राइझ संस्थेने १० कोटी डॉलर लावले. अट होती, वर्षाला हजार टन कार्बन डायऑक्साइड खरोखर काढून दाखवा. जग आज वर्षाला ३५ अब्ज टनांहून जास्त ओकतं, म्हणजे हा थेंबच. पण थेंब मोजून दाखवायला सांगितला, हे मला महत्त्वाचं वाटतं. २०२५ मध्ये ५ कोटींचं पहिलं बक्षीस ‘माती कार्बन’ला गेलं. या संस्थेचं काम भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या शेतात चालतं. तिथे बेसॉल्टची भुकटी पसरतात. सह्याद्रीचे कडे ज्याचे आहेत, तोच हा काळा दगड. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्या भुकटीशी मिळून बायकार्बोनेट होतो, आणि ओढ्यानद्यांबरोबर हळूहळू समुद्राला जाऊन मिळतो.