फलोद्यान-वकिली

फळबागा, रोपवाटिका, वाणहक्क (नव्या वाणावरील पैदासकाराचा हक्क) व फळव्यापार यांतील वाद प्रामुख्याने चालवणाऱ्या वकिलांचा व्यवसाय. भारतात यासाठी वेगळी सनद नाही. उद्यानविद्येचे शिक्षण झालेले असल्यास तज्ज्ञ साक्षीदाराच्या उलटतपासणीत त्याचा मोठा उपयोग होतो.

या शाखेचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो पोपच्या राज्यातील, शेतीतील नव्या शोधांच्या मालकीविषयीच्या 1833 च्या फर्मानापर्यंत मागे नेतात. 1930 च्या अमेरिकी वनस्पती एकस्व (पेटंट) अधिनियमापासून गणना करणे अधिक सयुक्तिक वाटते. कारण त्यात कलम, डोळा वा छाट यांनी वाढवलेल्या वाणांनाच (कंदांपासून वाढणारी पिके वगळून) संरक्षण होते, म्हणजे मुख्यतः फळझाडे व फुलझाडे. पहिले एकस्व 1931 मध्ये ‘न्यू डॉन’ या वेली गुलाबास मिळाले. नव्या वनस्पती वाणांच्या संरक्षणाचा 1961 चा आंतरराष्ट्रीय पॅरिस करार (यूपोव्ह) त्यानंतरचा. भारत त्याचा सदस्य नाही.

भारतात 2001 चा वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम लागू आहे. वृक्ष व वेलींना 18 वर्षे संरक्षण मिळते : आधी 9, उरलेली नूतनीकरणाने. नोंदणीच्या अर्जाच्या एक वर्षाहून अधिक आधी भारतात विक्री झाली असल्यास वाणाची नवीनता जाते. परदेशातील विक्रीस वृक्ष-वेलींसाठी 6 वर्षांची मुभा आहे. नुसत्या चाचणीने हक्क जात नाही. पण चाचणीच्या नावाखाली विकलेल्या काड्यांची पावती हरकतदाराच्या हाती लागली, तर अर्ज अडचणीत येतो. कलम 39 शेतकऱ्याला संरक्षित वाणाचे बियाणे राखू, लावू, वाटू व विकू देते, संरक्षित वाणाचे असल्याचे लेबल लावलेल्या वेष्टनातून विकणे तेवढे वर्ज्य. बियाण्याच्या व्याख्येत नवे रोप देऊ शकणारा वनस्पतिभाग येत असल्याने द्राक्षाची काडी व डाळिंबाची गुटी यांनाही ही सवलत आहे, असे मानणे योग्य वाटते. हजारो कलमे विकणाऱ्या रोपवाटिकेला मात्र हा आधार घेणे कठीण.

रोपवाटिकेविरुद्धच्या दाव्यांत खरी अडचण काळाची. हापूस म्हणून घेतलेले कलम रायवळ निघाले, हे कळायला चौथे-पाचवे वर्ष उजाडते. ग्राहक आयोगाकडे मुदत मात्र दोनच वर्षांची. ती दोष उघड झाल्यापासून मोजावी असा युक्तिवाद मूळ तक्रारीतच मांडावा आणि जोडीला विलंबमाफीचा अर्ज द्यावा. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात (2012) सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानले आणि पेरून संपलेल्या बियाण्याचा नमुना त्याने राखून ठेवावा ही अपेक्षा अमान्य केली. तरीही येथे पुरावाच नाशवंत असतो. फळे झाडावर असतानाच, विक्रेत्याला लेखी सूचना देऊन, पंचनामा करून घ्यावा. सूचनेविना झालेला पंचनामा एकतर्फी म्हणून बाजूला पडू शकतो. पक्क्या बिलातील कलमांची संख्या सातबाऱ्यावरील फळबागेच्या नोंदीशी विसंगत नसावी.

द्राक्षाचा सौदा पुष्कळदा तोंडी होतो. माल तोडून जातो आणि धनादेश न वटता परततो. बँकेची परतसूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर पैसे देण्यास 15 दिवस, ते उलटल्यावर एका महिन्यात फौजदारी तक्रार असा क्रम आहे. ‘धनादेश फक्त हमीपोटी दिला होता’ हा बचाव नेहमीचा. खरेदीदाराची सही असलेल्या वजनपावत्या त्याला उत्तर ठरतात.

भौगोलिक मानांकनाचे काम यामानाने थोडे. हापूसला 2018 मध्ये मानांकन मिळाले. त्याचा हक्काने वापर करण्यासाठी बागायतदाराने स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात नोंद करून घ्यावी लागते.