छडीचं ते वाक्य बायबलमधलं नाही

गिरगाव असो वा वांद्रे, पोराला फटका देऊन झाला की कुणीतरी बायबलचा दाखला देतंच: ‘छडी आवरली की मूल बिघडलं.’ या शब्दांत ते बायबलमध्ये नाही. ते सतराव्या शतकातल्या सॅम्युएल बटलर या इंग्रज कवीच्या ‘ह्युडिब्रास’ या विडंबनकाव्यातलं आहे.

बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकात १३:२४ मध्ये छडी आहे, २३:१३ मध्ये तर मारण्याचाच उल्लेख आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच बायबलमधलं इफिसकरांस पत्र ६:४ बापांना बजावतं, मुलांना चिडीस आणू नका. हे मात्र सोयीने विसरलं जातं!

आणि बायबलमधल्या बिघडलेल्या मुलांच्या गोष्टींत कमी पडली ती छडी नव्हेच. एली या याजकाने, म्हणजे पुरोहिताने, आपल्या मुलांना दुष्कृत्यांबद्दल खडसावलं, पण रोखलं नाही. ती याजकपदावर राहून तेच करत राहिली. दावीद राजाने आपल्या मुलाला, अदोनीयाला, ‘असं का केलंस?’ एवढंही कधी विचारलं नाही (१ राजे १:६). तो बाप जिवंत असतानाच राजा व्हायला निघाला. याकोबाने सगळ्या मुलांत एकट्या योसेफालाच खास झगा दिला, भावांनी त्याला विकून टाकलं.

शाळेत छडी चालते, हाही गैरसमजच. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने तिथे शारीरिक शिक्षेला बंदी आहे.