जोशुआ वृक्ष

जोशुआ वृक्ष : (कुल – ॲस्परॅगेसी, शास्त्रीय नाव – यक्का ब्रेव्हिफोलिया). अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील मोहावी वाळवंटात, मुख्यतः कॅलिफोर्निया, नेव्हाडा, ॲरिझोना व यूटा या राज्यांत आढळणारा एकदलिकित (बीजात एकच बीजपत्र असलेला) वृक्ष. जुन्या ग्रंथांत त्याचा समावेश लिलिएसी कुलात केलेला आढळतो. घायपात त्याची जवळची आप्त आहे. उंची साधारणतः ५ ते १२ मी. असते, पाने संगिनीसारखी टोकदार असून वाळल्यावरही खोडाला चिकटून लोंबत राहतात. खोडात वार्षिक वलये नसल्याने वय उंचीवरून अंदाजानेच ठरवावे लागते.

उंचावलेल्या हातांसारख्या फांद्या पाहून मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या प्रवाशांना बायबलच्या जुन्या करारातील यहोशवा (जोशुआ) आठवला व त्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे नाव पडले, असे सांगतात. मात्र या कथेचा आधार समकालीन नोंदींपेक्षा लोकपरंपराच अधिक दिसतो. काहुइया हे तेथील मूळ रहिवासी लोक पानांच्या तंतूंपासून पायताणे व टोपल्या करीत.

या वृक्षाचे परागण केवळ टेजेटिक्यूला प्रजातीचे लहान पतंग करतात. मादी एका फुलातील परागाचा गोळा करून डोक्याखाली धरते, दुसऱ्या फुलाच्या किंजपुटात (बिया तयार होणाऱ्या भागात) अंडी घालते आणि मग वर चढून किंजल्कावर (पराग ग्रहण करणाऱ्या टोकावर) तो पराग चोळते. अळ्या पुढे काही बियांवर पोसतात. पश्चिमेकडील झाडांवर टे. सिंथेटिका, तर पूर्वेकडील झाडांवर आकाराने लहान टे. अँटिथेटिका हा पतंग असतो. पूर्वेकडील झाडे तुलनेने बुटकी व जमिनीपासून कमी उंचीवरच फुटणारी असून त्यांच्या फुलातील किंजलही (किंजपुट व किंजल्क यांना जोडणारा दांडाही) आखूड असतो. वनस्पतिशास्त्रज्ञ मॅककेल्व्ही यांनी १९३५ मध्ये त्यांना केवळ प्रकाराचा (जातीखालील गटाचा) दर्जा दिला होता. वनस्पतिशास्त्रज्ञ लेन्झ यांनी २००७ मध्ये त्यांची यक्का येगेरियाना ही स्वतंत्र जाती मानली. नेव्हाडातील टिकाबू खोऱ्यात दोन्ही एकत्र वाढतात व त्यांचा संकरही होतो, म्हणून काही अभ्यासक एकच जाती मानतात. तथापि किंजलाची लांबी व पतंगाचा आकार यांतील मेळ पाहता दोन जातींचे मत अधिक ग्राह्य वाटते.

नेव्हाडातील जिप्सम गुहेत सापडलेल्या, आता नामशेष झालेल्या शास्टा भूस्लॉथ या जमिनीवर राहणाऱ्या मोठ्या सस्तन प्राण्याच्या विष्ठेत या वृक्षाचे अवशेष आढळले आहेत. बीजप्रसार पूर्वी हा प्राणी करीत असावा, असे त्यावरून सुचविले गेले. सध्या ते काम बिया साठविणारे कृंतक (उंदीर, खार यांसारखे कुरतडणारे प्राणी) करतात.

जोशुआ ट्री राष्ट्रीय स्मारक १९३६ मध्ये स्थापन झाले व १९९४ मध्ये त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील सीमा डोम या ठिकाणच्या परिसरात लागलेल्या वणव्यात पूर्वेकडील प्रकाराची सुमारे १३ लाख झाडे जळाल्याचा अंदाज आहे.